गोळी एक, जन्म तीन

वात जरा वर करा रे, आणि सरकून बसा. आमच्या आजीकडं एक अडकित्ता होता. आणला होता सुपारीसाठी, पण चिंचोके फोडायला तोच, दिव्याची काजळी झाडायला तोच, आणि एकदा तर आजोबांच्या जोड्यातून वर आलेला खिळा तिनं त्यानंच उपटला. आजोबा म्हणायचे, "आपण कशापायी जन्मलो, हे ह्याला अजून कळलंच नसंल." औषधांचंही कधी कधी असंच होतं बघा, आणि त्यातल्या एकाची गोष्ट तर जमिनीखालच्या तेलातून सुरू होते.

1933 साली चेकोस्लोव्हाकियातल्या होडोनिनच्या खनिज तेलात रसायनवाल्यांना एक पदार्थ गवसला. कार्बनचे दहा अणू एकमेकांना असे बिलगलेले, की जणू हिऱ्यातलाच एक चिमुकला पिंजरा कुणी अलगद उचलून आणलाय. म्हणून नावही हिऱ्याच्या ग्रीक नावावरून पडलं, ॲडमँटेन. पुढं ह्या पिंजऱ्याला नायट्रोजनचं शेपूट लावलं, त्याचं झालं ॲमँटाडीन, आणि 1966 साली अमेरिकेत ते फ्लूवरचं औषध ठरलं. फ्लूचा विषाणू पेशीत शिरला, की आपलं गाठोडं सोडायला त्याला एक बारीकशी मोरी लागते. हा पिंजरा नेमका तिथंच बोळा होऊन बसायचा. विषाणूही काही कमी नाहीत, पुढं त्यांनी मोरीच बदलून टाकली, पण ते असो.

तर 1968 साली डॉक्टर रॉबर्ट श्वाब यांच्याकडं कंपवात झालेली 58 वर्षांची एक बाई आली. फ्लू होऊ नये म्हणून ती ह्या गोळ्या घेत होती. तिचं म्हणणं असं, की गोळ्या चालू होत्या तोवर हातांची थरथर कमी झाली, अंगाचा ताठरपणा सैलावला, आणि बंद केल्या तसं पुन्हा पहिल्यासारखं. दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. श्वाबनी इतर रोग्यांना गोळ्या देऊन पाहिल्या. हा गोळीचा दुसरा जन्म.

तिसरा जन्म मात्र फार नाजूक जागी. डोक्याला जबर मार बसलेली माणसं कधी कधी डोळे उघडून पडलेली असतात, पण हाक मारली तर ओ नाही. मेंदूत डोपामाइन नावाचा एक निरोप्या असतो, त्याला ही गोळी हलवून जागं करते असं मानतात. म्हणून डॉक्टर अंदाजानं ती देतही होते. पण गंमत अशी, की ह्यातली काही माणसं औषधाशिवायही हळूहळू सावरतात. मग कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं, की उजाडायचंच होतं, हे ओळखायचं कसं?

म्हणून अमेरिका, डेन्मार्क आणि जर्मनीतली मार लागून 4 ते 16 आठवडे झालेली 184 माणसं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली; काहींना खरं औषध, काहींना दिसायला तसंच पण पोकळ. कुणाला काय मिळालं, हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. चार आठवडे असं चाललं, आणि 2012 साली निकाल छापून आला: खऱ्या औषधावरची माणसं लवकर सावरत होती. मग दोन आठवडे औषध थांबवलं, तर त्यांचा वेग मंदावला, आणि सहाव्या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही गट जवळपास बरोबरीला आले. त्या बाईनं सांगितलेलं आठवतंय ना? इथंही गोळी चालू होती तोवरच तिचं बळ; फक्त ते सांगायला ह्या माणसांना बोलता येत नव्हतं.

मग फायदा काय, असं धाकटा विचारतोय. अरे, अडकित्त्यानं खिळा उपटला म्हणून जोडा काही नवा झाला नव्हता. पण आजोबा त्या दिवशी बाजाराला चालत गेले, तेवढं खरं.