गीतरूपांतर, बँडवादनातील

सुपरिचित गीताचे शब्द गाळून त्याची चाल सुषिर व तालवाद्यांच्या समूहासाठी नव्याने बांधण्याची प्रक्रिया. तीत मूळ गीताची लय, नाद आणि पुष्कळदा प्रयोजनही पालटते; त्यामुळे तिला निव्वळ अनुकरण म्हणता येत नाही.

पुण्याजवळील खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (उद्‌घाटन १९५५) दीक्षान्त संचलनाच्या अखेरीस उत्तीर्ण छात्र ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश चालीवर संथ पावलांनी ‘अंतिम पग’ ओलांडतात. रॉबर्ट बर्न्स (१७५९–९६) याच्या शब्दांनी प्रसिद्धीस आलेले हे मित्रमेळाव्याचे गीत. बँडने त्यास निरोपाच्या संचलनाचे रूप दिले. चालीचे पाच स्वर भूप रागाचेच असल्याने भारतीय श्रोत्यास ती परकी वाटत नाही. रवींद्रनाथ टागोरांनीही तिच्यावर बंगाली गीत रचले आहे.

रूपांतराची खरी कसोटी लय व मींड यांत लागते. केरव्याच्या आठ मात्रा डाव्या-उजव्या पावलांत सहज बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन गट पाडून प्रत्येक पावलास एक गट द्यावा लागतो. ट्रंपेटच्या पडद्यांतून मींड नीट निघत नाही. ट्राँबोनच्या सरकत्या नळीवर ती साधते, तर क्लॅरिनेटवादक छिद्रावरील बोट हळूहळू उचलून व ओठांचा दाब सैल करून ती काढतो. लष्करी बँडमध्ये प्रत्येक वाद्याचा भाग लिहिलेला असतो व स्वरसंवादाची भर पडते. वरातीच्या बँडमध्ये बहुधा बँडमास्तर कानाने चाल उचलतो आणि सारे तीच एक चाल वाजवितात.

यातील सर्वांत बोलके उदाहरण नागीन (१९५४) या चित्रपटातील पुंगीच्या सुरावटीचे होय. हेमंतकुमार यांच्या संगीतात ती पुंगीवर वाजलेली नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विद्युत् वाद्यावर, रवी यांच्या हार्मोनियमच्या साथीने, पुंगीचा भास निर्माण केला. बँडवाल्यांनी हा भास क्लॅरिनेटवर उतरविला आणि वरातीतील ‘नागीण नाच’ रूढ झाला. आज पुष्कळांच्या कानी पुंगी म्हणजे हाच क्लॅरिनेटचा सूर होय. अशा वादनास सवंग ठरविणारे टीकाकार त्यामागील श्रवणशक्तीची दखल क्वचितच घेतात.

पुण्याच्या गणेशविसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार आदी पथकांनी ही परंपरा राखली आहे. इतरत्र मात्र ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी बँडची जागा बव्हंशी घेतली असून, कानाने शिकलेली ही रूपांतरे लिहून ठेवलेली नसल्याने वादकांबरोबरच नाहीशी होत आहेत.