दूध टाकणारं बाळ आणि शंभर वर्षांचे उपाय

भिऱ्याच्या वीजघरातून १९२७ साली मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईकडे जाऊ लागली. त्याआधी, १९२१ ते १९२४ या काळात, सेनापती बापटांबरोबर मुळशीचे शेतकरी तिथल्या धरणाविरुद्ध लढले आणि हरले. खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. मुळशी-मावळची माणसं पोटासाठी मुंबईची वाट धरत राहिली, कुणी हमालीला, कुणी गिरणीत, कुणी जेवणाचे डबे पोहोचवायला. त्याच मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बाळगोळी चाटवून कामावर जात. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२च्या सुमारास कामगार बायांची पाहणी केली आणि हे सगळं नोंदवून ठेवलं. मूल भुकेने रडतं की पोटात कळ येते म्हणून, पाजलेलं दूध का टाकतं, हे बघायला आईला सवडच नव्हती.

छातीत जळजळ उठून कळवळणाऱ्या तान्ह्यांचा आणि त्यांच्या आईबापांच्या धावपळीचा मागोवा मला म्हणूनच या बाळगोळीपासून घ्यावासा वाटतो. पुढच्या शंभर वर्षांत औषधं बदलली, बाटल्या बदलल्या. पण बाळ गप्प झालं म्हणजे बरं झालं, ही समजूत सुटायला फार वेळ लागला.

घरोघरी उपाय होता बाळगुटीचा. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ यांचे मोजके वेढे. बेंबीभोवती हिंगाचं पाणी. तिन्हीसांजेला बाळ किंचाळू लागलं की मीठमोहऱ्यांनी दृष्ट. गुटीने आम्ल वर यायचं थांबतं याला आधार नाही, आणि जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगतं. सहाण आणि हात स्वच्छ नसतील तर हगवणीचं दुखणं वेगळंच. पण गुटी उगाळणारी आजी रोज बाळाला मांडीवर घेऊन निरखायची, आज अंग धरलंय की सुकलंय हे सांगायची आणि बाळंतिणीला तेवढा वेळ पाठ टेकू द्यायची. माझ्या मते त्या घरांत आईला जो दिलासा मिळाला, तो गुटीपेक्षा आजीमुळे मिळाला.

मग ग्राइप वॉटरची बाटली आली. विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये ते बनवलं. त्यात शेपूचं तेल होतं, सोडा होता, भरपूर साखर होती आणि मद्यार्कही होता. पिढ्यान् पिढ्या बाळं त्याने शांत झाली, यात नवल नाही. ब्रिटनमध्ये त्यातला मद्यार्क निघायला १९९०चं दशक उजाडावं लागलं.

त्यानंतरचा काळ डॉक्टरांच्या चिठ्ठीचा. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू तान्ह्या वयात वरचेवर सैल पडतो. आहार सगळा पातळ, दिवस सगळा आडवं पडून. त्यामुळे दूध वर येतं. मग पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून सिसाप्राईड दिलं जाऊ लागलं. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात हे दिसल्यावर अमेरिकेत ते २००० साली बाजारातून काढलं गेलं. भारतात त्यावर बंदी आली ती २०११च्या फेब्रुवारीत. ही अकरा वर्षं मला फार खुपतात. तशाच कामासाठी दिल्या जाणाऱ्या डॉम्पेरिडोनच्या वापरावर युरोपात २०१४ साली याच कारणाने मर्यादा आल्या. आम्ल कमी करणाऱ्या रॅनिटिडीनमध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारं द्रव्य सापडलं, अमेरिकेने ते २०२० साली बाजारातून काढायला लावलं, आणि २०२२ साली आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळलं गेलं.

या साऱ्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद २००९ची आहे. लॅन्सोप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाची १६२ बाळांवर चाचणी झाली. अर्ध्यांना औषध दिलं, अर्ध्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांना आराम पडला, अगदी सारखाच. औषध घेतलेल्यांत मात्र छातीच्या संसर्गासारखे गंभीर त्रास जास्त झाले. त्याआधी १९९७ साली शिकागो भागातल्या पाहणीत दिसलं होतं की चौथ्या महिन्यात ६७ टक्के बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. दहा ते बारा महिन्यांच्या वयात हे प्रमाण ५ टक्क्यांवर येतं. म्हणजे बहुतेकांचं हे दुखणं वयाबरोबर आपोआप जातं.

पण ‘बहुतेक’ या शब्दाने ज्या आईचं बाळ रात्रभर धनुष्यासारखं वाकून रडतं तिचं समाधान होत नाही, आणि तिला ‘सगळीच मुलं ओकतात’ म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. काही बाळांची अन्ननलिका खरोखरच सोलवटते. त्यांना नेमून दिलेलं औषध लागतंच, क्वचित शस्त्रक्रियाही. काहींना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक बंद केलं की अशा बाळात फरक दिसतो. ही साधी परीक्षा औषधाच्या आधी व्हायला हवी. पुष्कळदा ती होतच नाही. थोडं थोडं पाजणं, ढेकर काढणं, पाजल्यावर अर्धा तास उभं धरणं, हे बिनपैशाचे उपाय आजही पहिले आहेत. झोपवायचं मात्र पाठीवर, सपाट. उतरत्या पाळण्याने दूध वर येत नाही असं सांगून विकलेले तिरपे पाळणे बाळं गुदमरून दगावल्यामुळे अमेरिकेत २०१९ साली लाखोंच्या संख्येने परत घ्यावे लागले. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते. पाजल्याबरोबर तिच्यात निजवू नये.

मुळशीत हे सारं ज्ञान सारखं पोहोचलेलं नाही. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीत बालरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहे; तिथला धोका औषध फार लवकर सुरू होण्याचा. ताम्हिणीकडच्या वाडीतल्या, कातकरी वस्तीवरच्या आईला भर पावसात पौडचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं म्हणजे दिवस जातो; तिथला धोका फार उशीर होण्याचा. हा उशीर भरून काढायची वाट महाराष्ट्रानेच देशाला दाखवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि २०११पासून देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या. शेवटची भेट ४२व्या दिवशी. २०१८ साली सुरू झालेल्या पुढच्या कार्यक्रमातली पहिली भेट तिसऱ्या महिन्यात.

दूध टाकणं ज्या काळात वाढत जातं, नेमका तोच काळ या दोन भेटींच्या मधे रिकामा राहतो. अडीच महिन्यांच्या लसीला बाळ येतं, पण त्या गर्दीत आईचं ऐकायला कुणाला फुरसत नसते. पुणे जिल्हा परिषदेने निदान मुळशीच्या दुर्गम वाड्यांसाठी दुसऱ्या महिन्यात आशाताईंची एक भेट वाढवावी, आणि तिचा मोबदला त्यांना द्यावा. त्या भेटीत वजनकाटा हवा. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढत असेल, तर आईला धीर द्यायचा. वजन अडलं असेल, बाळ पिणंच नाकारत असेल, उलटीत रक्त असेल किंवा दूध जोरात लांब उडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. आणि उलटी हिरवी झाली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच १०८ला फोन करायचा. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांचाच अवधी असतो.