पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही

भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर स्वतः असेंबल केला. रायझन 5 7600 प्रोसेसर, बी650 मदरबोर्ड, डीडीआर5 रॅमच्या दोन स्टिक. रात्री अकरा वाजता फोन आला, "मामा, पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण डिस्प्ले येत नाही. बहुतेक बोर्ड गेला."

बोर्ड गेलेला नव्हता. कोरे भाग जोडून केलेलं मशीन सुरू झालं नाही, तर बहुतेक वेळा कुठलीतरी जोडणी अर्धवट बसलेली असते. म्हणून घाबरून सगळं उचकटू नये. वीज भिंतीतल्या सॉकेटमधून निघून स्क्रीनपर्यंत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने आपणही जावं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही.

आधी स्वतःला विचारा, बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

काहीच होत नसेल, तर एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा स्विच बघा. उभ्या रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू, गोलाची म्हणजे बंद. सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून वीज आहे ना, तेही पाहा. मग बोर्डावरचा 24 पिनांचा मोठा कनेक्टर. तो बसवायला चांगला जोर लागतो आणि बाजूची खिट्टी अडकल्याशिवाय तो बसला असं समजू नये. हे सगळं ठीक असेल, तर संशय कॅबिनेटच्या बटणावर घ्या. मशीन बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला 5 व्होल्ट पुरवत असतो आणि तेवढ्या विजेवर बोर्ड तुमच्या इशाऱ्याची वाट बघत असतो. बटण दुसरं काही करत नाही, बोर्डावरच्या दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना जोडतं. त्या पिना कुठल्या, ते बोर्डाच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. बटणाची वायर काढून त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं, तर दोष बटणात किंवा वायर चुकीच्या पिनांवर लावण्यात आहे. या वायरीला उलट-सुलट नसतं, दिव्यांच्या वायरींना मात्र असतं.

एवढं करूनही हालचाल नसेल, तर एसएमपीएस दुकानात नेऊन तपासून घ्या. तो घरी उघडू नका, कधीच नाही. आपल्याकडची 230 व्होल्टची वीज आत गेल्यावर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही वर पोचते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहते.

पंखे एक-दोन सेकंद फिरून थांबत असतील, तर बोर्ड कुठेतरी शॉर्ट होत असण्याची शक्यता धरा. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळेचे छोटे स्पेसर लावून त्यावर बोर्ड बसवतात. बोर्डाला भोक नाही अशा जागी एक जरी स्पेसर राहिला, तरी तो बोर्डाच्या पाठीला टेकतो. अशा वेळी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, हीटसिंक व रॅमची एक स्टिक एवढ्यावरच चालवून बघा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावावं लागेल. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर मात्र ठेवू नका, ती वीजवाहक असू शकते. थोडा वेळ चालून मशीन बंद पडत असेल, तर हीटसिंकच्या तळाची पारदर्शक पट्टी काढायची राहिली का, ते बघा.

आता भाच्याची तक्रार. डिस्प्ले न येण्याची कारणं बरीच असतात. ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल, तर मॉनिटरची केबल कार्डाला जोडायची, बोर्डाला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे बोर्डाच्या एचडीएमआयवर काहीही दिसणार नाही. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला 8 पिनांचा कनेक्टर फक्त प्रोसेसरसाठी असतो. तो विसरला तरी पंखे फिरतात, कारण त्यांना वीज 24 पिनांमधून मिळते. आणि बोर्ड 2018 सालचा बी450, प्रोसेसर रायझन 5 5600 अशी जोडी असेल, तर बायोस, म्हणजे बोर्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, नवा केल्याशिवाय बोर्ड त्या प्रोसेसरला ओळखत नाही.

हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर चार छोटे दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो लागून राहतो तिथे काम अडलेलं असतं. भाच्याचा डीरॅमवर थांबत होता. मी विचारलं, "दर वेळी किती वेळ थांबतोस?" "अर्धा मिनिट. मग बंद करून परत लावतो."

इथेच गाठ होती. डीडीआर5 रॅम 6000च्या वेगाने चालते तेव्हा एका वायरीवरून सेकंदाला सहाशे कोटी बिट जातात. एका बिटाला मिळणाऱ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. एवढ्या वेगात कुठल्या वायरीवरचा संकेत नेमक्या कुठल्या क्षणी वाचायचा, हे प्रोसेसर पहिल्या सुरुवातीला प्रत्येक वायरीसाठी चाचण्या घेऊन ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागू शकतात, तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते आणि डीरॅमचा दिवा लागलेला असतो. भाचा दर अर्ध्या मिनिटाने ते तोडत होता आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं.

एसएमपीएसचा स्विच बंद करायला सांगितला. एक स्टिक काढून दुसरी प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, खिट्टीचा आवाज येईपर्यंत दाबून बसवायला लावली. मग मशीन सुरू करून दहा मिनिटं हात लावायचा नाही असं बजावलं. चौथ्या मिनिटाला बायोसचा पडदा आला. नंतर दुसरी स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये लावली, पुन्हा थांबलो, दोन्ही स्टिक दिसल्या.

इतकं करूनही यश आलं नाही, तर बोर्डावरचं नाण्याएवढा सीआर2032 सेल स्विच बंद ठेवून पाच मिनिटं काढा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात. त्यानंतरही नाही, तर मग भाग खराब आहे असं म्हणायला हरकत नाही. दुकान लॅमिंग्टन रोडवरचं असो की तपकीर गल्लीतलं, बिल आणि खोका घेऊन जा. बोर्ड परत देण्याआधी प्रोसेसरच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण आठवणीने बसवा. वाकलेल्या पिनांना वॉरंटी लागू होत नाही.