मनसरच्या मँगनीज खाणींचें वय

रामटेकनजीक मनसर येथें इ. स. १९९७-९८ पासून झालेल्या उत्खननांत वाकाटककालीन विटांचीं बांधकामें उजेडांत आलीं. तेव्हांपासून, शेजारच्या मँगनीजच्या खाणीही वाकाटकांच्याच असाव्यात, असें अनुमान कांहीं संग्राहक मित्र आम्हांस ऐकवितात. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

हें खनिज काढण्यास हिंदुस्थानांत विजयानगरम् भागांत इ. स. १८९२ त आरंभ झाला. तत्कालीन मध्यप्रांतांत तो १९०० च्या सुमारास मनसरासच झाला. माल विलायतेस पोलादाच्या कारखान्यांकरितां जाई. काळ्या रंगाकरितां असे दगड प्राचीन कुंभारांस ठाऊक होते, हें खरें. पण ओंजळभर रंगास खाण लागत नाहीं. तसेंच ‘अयस्कान्त’ शब्द पोथींत दिसतांच तेथें मँगनीज वाचूं नये. मँगनीज व मॅग्नेट हीं नांवें मॅग्नेशिया ह्या एकाच प्राचीन स्थलनामावरून आलीं असें मानतात, म्हणून हा घोटाळा होतो. अयस्कान्त म्हणजे लोहचुंबक. मँगनीज धातु निराळा काढला गेला तो १७७४ त, स्वीडनमध्यें.

नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यांतील हें खनिज प्राचीन समुद्रांतील गाळाबरोबर सांचलें, पुढें उष्णता व दाब ह्यांनीं त्याचे थर घट्ट होऊन दुमडले. आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि कठीण थर टेकड्यांच्या रूपानें उभे राहिले. साहजिकच खोदकाम माथ्यावरूनच सुरू झालें. जो भाग इतिहासशोधकानें पहावयाचा, तोच आधीं नाहींसा झाला! त्या स्थितीचें वर्णन फर्मोर ह्या भूगर्भशास्त्रज्ञाच्या १९०९ सालच्या बृहद्ग्रंथांत आहे. येथील मँगनीजयुक्त खडकास त्यानें गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नांव दिलें. खनिजाच्या उत्पत्तीविषयींचीं त्याचीं कांहीं मतें पुढें मागें पडलीं, परंतु स्थलवर्णनाकरितां तो ग्रंथ आम्ही मूळ पोथीइतकाच मोलाचा मानतों.

टेकाडावर काळा, जड गोळा सांपडल्यास तो लगेच धातु गाळल्याची खूण समजूं नये. बिनझिलईच्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासावा: रेघ तांबडी उमटली तर लोखंडाचें खनिज, काळी वा काळपट तपकिरी उमटली तर मँगनीज असण्याचा संभव. भट्टीच्या मळींत बहुधा बुडबुड्यांचीं छिद्रें दिसतात.

इ. स. १९६२ त येथील जुन्या कंपनीच्या खाणी सरकारी भागीदारीच्या ‘मॉयल’कडे आल्या. १९०० पूर्वींचे ह्या गांवांचे मोजणीचे नकाशे अथवा मोडी दप्तरांतील टेकडीच्या सीमांचे उल्लेख ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे धाडावी, अशी आमची विनंति आहे.