शाळेचा गणवेष आणि घरचा जमाखर्च

मे महिना संपत आला, वळवाची एखादी सर येऊन गेली, कीं घराघरांतून एक ठराविक संवाद ऐकूं येतो. "मागच्या वर्षींची विजार अजून होईल का रे तुला?" असें आई विचारते. मुलगा ती चढवून समोर उभा राहतो आणि विजारीची कड व घोटा यांमधलें चार बोटांचें अंतर पाहून वडील मुकाट्यानें पाकिटाकडे हात नेतात. पुढच्या आठवड्यांत दुकानांतून जी गर्दी उसळते तींत घासाघीस करण्यास सवड नसते आणि कापड चिमटींत धरून पाहण्यास जागाही नसते. म्हणजे वर्षांतील एक बराच मोठा खर्च आपण वर्षांतील सर्वांत वाईट आठवड्यांत करतों. आज श्रोत्यांपुढें या खर्चाचाच थोडा हिशेब मांडावयाचा आहे.

गंमत अशी कीं, गणवेषाचा जन्म मुळीं काटकसरीच्या पोटीं झालेला आहे. लंडन शहरांत १५५२ सालीं गरीब व पोरक्या मुलांकरितां ख्राइस्ट्स हॉस्पिटल नांवाची शाळा निघाली. तेथील मुलांना धर्मादायांतून एकसारखे लांब निळे डगले मिळूं लागले, आणि तो पेहराव त्या शाळेंत आजही चालूं आहे. पुढें खानदानी शाळांनीं ही कल्पना उचलली व इंग्रजी अमदानींत ती आपल्याकडे आली. परंतु ज्या देशांत ती जन्मली तेथेंच तिचा खर्च पालकांना इतका जड झाला कीं, २०२१ सालीं संसदेस त्यासाठीं कायदा करावा लागला. त्यानुसार इंग्लंडांतील शाळांना जीं मार्गदर्शक सूत्रें मिळालीं, त्यांत शाळेचें चिन्ह असलेले कपडे शक्य तितके कमी ठेवावे आणि वापरलेले गणवेष पालकांस मिळण्याची सोय असावी, असें सांगितलें आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण शेवटीं वळूं.

पहिला प्रश्न, जोड किती घ्यावे? दुकानदार "तीन सेट" असें सांगून मोकळा होतो. पण याचें खरें उत्तर दुकानांत नसून आपल्या घरच्या वाळवणाच्या दोरीवर असतें. पांढरा सदरा रोज धुवावा लागतो. गडद रंगाची विजार अथवा पिनाफोर दोन दिवस सहज चालतो. मुंबईकडे आणि कोंकणांत आषाढ-श्रावणांत सदरा वाळावयास दीड-दोन दिवस लागतात. तेव्हां एक अंगावर, एक दोरीवर आणि एक कपाटांत, असे सदरे तीन हवेत. विजारी मात्र दोन पुरतात. तिसऱ्या विजारीचे पैसे दिवाळीपर्यंत राखून ठेवावे. तोंवर मुलाची उंची किती वाढली तें कळतें, आणि ती विजार घ्यावी लागलीच तर नव्या मापाची घेतां येते.

वाढीचें गणित थोडें निश्चित आहे. पांच ते दहा वर्षांच्या दरम्यान मूल वर्षाला साधारण पांच-सहा सेंटिमीटर वाढतें. पुढें मुलींची अकराव्या-बाराव्या वर्षीं आणि मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षीं एकदम उसळी येते, आणि त्या वर्षांत आठ-नऊ सेंटिमीटर वाढ झाली तरी नवल नाहीं. त्या वयांत आधीं पाय वाढतात, धड मागाहून वाढतें. म्हणूनच सातवी-आठवींतल्या मुलाचा सदरा ठीक बसतो आणि विजार मात्र आंखूड होते. एवढें ध्यानांत असलें म्हणजे दोन्हींवर सारखाच खर्च करण्याचें कारण राहत नाहीं.

शिंपी लोक शिवणीच्या आंत राखलेल्या जादा कापडाला "माया" म्हणतात. हा शब्द ज्यानें प्रथम योजला, त्यानें मुलांचे कपडे पुष्कळ शिवलेले असले पाहिजेत! विजारीच्या खालच्या दुमडींत पांच-सहा सेंटिमीटर आणि मागच्या मधल्या शिवणींत अडीच सेंटिमीटर माया असली, तर तीच विजार दीड-दोन वर्षें अंगाबरोबर वाढते. तयार कपड्यांत इतकी माया बहुधा नसते. म्हणून सदरे तयार घ्यावे आणि विजारी किंवा पिनाफोर शिंप्याकडून शिवून घ्यावे, असें माझें मत आहे. शिवणावळ थोडी जास्त पडली तरी ती भरून निघते. दुमड उलगडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते. ओलें फडकें वर ठेवून इस्त्री फिरवली कीं ती पुष्कळशी जाते.

परंतु माया आंत असावी, बाहेर नव्हे. ही गोष्ट मी अनुभवानें शिकलें. आमचा थोरला पांचवींत गेला त्या वर्षीं मीं मोठ्या शहाणपणानें त्याला दोन मापें मोठे सदरे आणले. "वाढत्या अंगाचे आहेत" म्हणून सर्वांना कौतुकानें दाखवलेही. मुलगा कांहीं बोलला नाहीं. ऑगस्टमध्यें केव्हां तरी धुण्याच्या वेळीं त्याच्या एका सदऱ्याच्या पाठीवर, खांद्याच्या खालीं, गंजाचे दोन बारीक डाग दिसले. दुसऱ्या सदऱ्यावरही त्याच जागीं तसेच डाग. विचारतां विचारतां उलगडा झाला: शाळेच्या फाटकाशीं पोहोंचल्यावर मित्राकडून तो सदऱ्याची पाठ चिमटून टांचणी लावून घेई, आणि घरीं येतांना ती काढून टाकी. खेळाच्या तासाला टांचणी टोंचूं नये म्हणून तो दोन महिने खो-खोंत उतरला नव्हता. ते सदरे त्याच्या अंगाला नीट बसूं लागले तेव्हां त्यांच्या कॉलरी विरल्या होत्या. म्हणजे पैसेही वांचले नाहींत. तेव्हांपासून सदरा एका मापाहून अधिक मोठा घ्यावयाचा नाहीं, असा नियम मीं स्वतःला घालून घेतला आहे.

कापडाविषयीं दोन शब्द. शुद्ध सुती कापड अंगाला सुखाचें, पण तें आटतें, चुरगळतें आणि उशिरां वाळतें. सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचें टेरिकॉट लवकर वाळतें व टिकतेंही अधिक. मात्र पॉलिएस्टरचें प्रमाण फार असलें तर उन्हाळ्यांत मुलाला घामोळें येतें. दुकानदाराच्या शब्दावर भरंवसा नसेल तर कडेचे दोन धागे घरीं आणावे आणि ताटलींत धरून जाळून पाहावे. सूत कागदासारखें जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. मिश्रणांत दोन्ही खुणा दिसतात. सुती कापड शिवावयास टाकण्यापूर्वीं एकदां पाण्यांतून काढून वाळवावें. पांढऱ्या सदऱ्यांना वारंवार क्लोरिनचें ब्लीच लावूं नये, त्यानें सूत कमजोर होतें. आणि गडद कपडे उलटे करून सावलींत वाळवावे. बॉलपेनची शाई साबणानें चोळीत बसण्यापेक्षां कापसाच्या बोळ्यानें स्पिरिट लावून आधीं टिपून घ्यावी.

बुटांच्या बाबतींत मात्र मी काटकसर करीत नाहीं. अंगठ्याच्या पुढें सुमारें एक सेंटिमीटर जागा राहील असे बूट संध्याकाळच्या वेळीं, मुलाला उभें करून, दोन्ही पायांत घालून पाहावे. सदरा भावाचा चालतो, बूट चालत नाहीं. तो पहिल्याच्या पायाच्या घडणीचा झालेला असतो. पायमोजे सर्व एकाच रंगाचे व जातीचे घ्यावे, म्हणजे एक हरवला तर उरलेल्याला जोडीदार मिळतो.

आतां प्रत्यक्ष आंकडे. भाव शहरागणिक निराळे, म्हणून हे केवळ उदाहरण समजावें. सदरे तीन, प्रत्येकीं ४५० रुपये, विजारी दोन, प्रत्येकीं ६००, बुटांचे दोन जोड मिळून १६००, पायमोजे ४२०, पट्टा व टाय ३००, खेळाचा पोशाख ७००, दुरुस्तीसाठीं २००. एकूण ५७७० रुपये झाले. जूनमध्यें एकदम काढावयाचे म्हणजे ते डोंगराएवढे वाटतात. तेच जुलैपासून महिन्याला ४८० रुपयांप्रमाणें निराळे टाकले तर पुढच्या जूनपर्यंत रक्कम तयार होते. दुसरें असें कीं, किंमत पाहतांना वापराचे दिवसही पाहावे. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें सहावी ते आठवीसाठीं वर्षांत किमान २२० दिवस शाळा भरावयाची असते. तीन सदरे आळीपाळीनें घातले तर प्रत्येकाच्या वांट्याला सुमारें ७३ दिवस येतात, म्हणजे ४५० रुपयांचा सदरा दिवसाला सहा रुपयांस पडला. तोच ३०० रुपयांस मिळाला आणि ३० दिवसांत विरला, तर तो दिवसाला दहा रुपयांस पडला. या हिशेबानें पाहिलें तर वर्षांतून दोनदां घालावयाचा ब्लेझर हा घरांतला सर्वांत महाग कपडा ठरतो. तो वापरलेला मिळत असेल तर अवश्य घ्यावा.

शाळेनें सांगितलेल्या एकाच दुकानांतून घेणें भाग आहे, असें पुष्कळ पालक धरून चालतात. महाराष्ट्र शासनानें २००४ सालींच शाळांनीं अशी सक्ती करूं नये असा निर्णय काढला आहे, आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेंही २०१७ सालीं आपल्या शाळांना तशी ताकीद दिली होती. एकट्यानें जाऊन वाद घालण्यापेक्षां दहा-पंधरा पालकांनीं मिळून मुख्याध्यापकांस विनंती करावी कीं, शाळेचें चिन्ह सुट्या कापडी बिल्ल्याच्या रूपानें मिळावें. तो साध्या सदऱ्यावर शिवतां येतो, आणि सदरा विरल्यावर उसवून दुसऱ्यावर लावतां येतो.

राहिली वापरलेल्या कपड्यांची गोष्ट. थोरल्याचे कपडे धाकट्यानें घालावे ही आपल्या घरांतील जुनी रीत; पण आतां पुष्कळ घरांत धाकटें भावंडच नसतें, आणि चांगल्या विजारी कपाटाच्या तळाशीं पडून राहतात. आमच्या वसाहतींत आम्हीं एप्रिलची परीक्षा संपल्यावरचा पहिला रविवार यासाठीं ठरवला आहे. प्रत्येकानें कपडे धुऊन, बटणें लावून, माप चिठ्ठीवर लिहून आणावयाचे; एक आणील त्यानें एक न्यावा. नियम एकच, ज्या कपड्यांत आपलें मूल पाठवणार नाहीं तो आणावयाचा नाहीं. मुलांना त्या वेळीं तेथें बोलावीत नाहींत, त्यामुळें कोणाचा सदरा कोणाच्या अंगावर गेला याची चर्चा वर्गांत होत नाहीं.

त्याच दिवशीं स्वयंपाकघराच्या चौकटीवर आम्ही मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीनें खुणा करतों. दुसरी खूण दिवाळीला. यंदाच्या दिवाळीनंतर धाकटीची खूण चार सेंटिमीटर वर गेली आहे. तिच्या पिनाफोरच्या दुमडींत अजून तीन शिल्लक आहेत.