ज्यांना हरवलं, त्यांनीच जिंकवलं!

'बिग बॉस मराठी'चा विजेता प्रेक्षक ठरवतात. 2018 मध्ये मेघा धाडेने पहिला सीझन जिंकला, तो घराघरांतून आलेल्या मतांवर. अमेरिकेतल्या 'सर्व्हायव्हर' आणि 'बिग ब्रदर'चा हिशेब मात्र निराळा आहे. तिथे शेवटच्या दोघा-तिघांतून विजेता निवडते ती ज्युरी, आणि ज्युरीत असतात खेळातून बाहेर पडलेले स्पर्धकच. ज्याचा पत्ता तुम्ही कट केलात, तोच समोर बसून तुमचा निकाल लावणार! 'सर्व्हायव्हर'मध्ये तर दहा लाख डॉलर पणाला लागलेले असतात. अशा खेळात लायक विजेता म्हणायचं कुणाला? चलाख माणसाला, ताकदवान माणसाला की सज्जन माणसाला? हे घ्या काही गाजलेले निकाल.

साप जिंकला, उंदीर हरला

31 मे 2000 ला सीबीएस वाहिनीवर 'सर्व्हायव्हर' सुरू झालं. बोर्निओजवळचं पुलाव तिगा बेट, 16 स्पर्धक आणि 39 दिवस. शेवटी उरले रिचर्ड हॅच आणि केली विगल्सवर्थ. रिचर्डने गट बांधून एकेकाचा काटा काढला होता आणि ते तो कबूलही करत होता. केली त्याच गटातली, पण आपण त्यातल्या नव्हेच असा तिचा पवित्रा होता. ज्युरीतली ट्रक ड्रायव्हर स्यू हॉक उठली आणि तिने रिचर्डला साप ठरवलं, केलीला उंदीर. निसर्गनियमाने सापानेच उंदराला गिळावं, असं तिचं म्हणणं. ग्रेग ब्यूसने तर दोघांना 1 ते 10 मधला एक आकडा सांगायला लावला. रिचर्ड म्हणाला 7, केली म्हणाली 3. ग्रेगचं मत गेलं रिचर्डला आणि निकाल लागला 4-3! पाच कोटींहून जास्त लोकांनी हा शेवटचा भाग पाहिला. डावपेच माफ होतात, तोंडावर एक आणि पाठीमागे एक हे माफ होत नाही, हा धडा पहिल्याच सीझनने दिला.

नऊ लाखांचा शब्द

2001, ऑस्ट्रेलियातला दुसरा सीझन. टेक्ससचा कोल्बी डोनाल्डसन लागोपाठ पाच वैयक्तिक इम्युनिटी, म्हणजे बाद होण्यापासूनचं संरक्षण, जिंकून अंतिम फेरीत पोचला. सोबत कुणाला न्यायचं, हे त्याच्याच हातात होतं. कीथ फॅमी फारसा कुणाला आवडत नव्हता. त्याला नेलं असतं तर जिंकणं सोपं होतं. कोल्बीने नेलं टीना वेसनला, कारण तिच्यावर त्याचा विश्वास होता. टीना 4-3 ने जिंकली, कोल्बीला दुसऱ्या क्रमांकाचे एक लाख डॉलर मिळाले. टास्कचा बादशहा हरला, आणि सगळ्यांशी नीट नातं ठेवणाऱ्या टीनाचं पारडं एका मताने जड ठरलं.

दोनदा फायनल, दोनदा पराभव

2009 च्या सामोआ सीझनमध्ये रसेल हँट्झने धुमाकूळ घातला. लपवलेले इम्युनिटी आयडॉल कुठलाही सुगावा न मिळता शोधून काढले, भल्याभल्यांना कात्रजचा घाट दाखवला. ज्युरीने मात्र नटाली व्हाइटला 7-2 ने जिंकवलं. त्या रात्री एरिक कार्डोनाने केलेलं भाषण आजही चाहते आठवतात. त्याचा मुद्दा असा, की गर्वाने फुगलेल्या माणसांच्या घोळक्यात जी स्वतःला सगळ्यात कमी लायक समजते, तीच कदाचित सगळ्यात जास्त लायक असेल. 'लायक' या प्रश्नावर इतकं नेमकं बोललेलं मी दुसरं ऐकलेलं नाही.

रसेल लगेच पुढच्या सीझनमध्येही उतरला. दोन्ही सीझनचं चित्रीकरण सामोआतच पाठोपाठ झालं, त्यामुळे पहिल्याचा निकाल टीव्हीवर लागण्याआधीच तो दुसरा खेळून बसला होता. पुन्हा अंतिम फेरी, आणि या वेळी मतं शून्य! सहा मतं घेऊन जिंकली सँड्रा डियाझ-ट्वाइन. शेवटच्या दिवसांत तिने रसेलची लाडकी हॅट शेकोटीत टाकली होती. विशेष म्हणजे तिने 2003 मध्येही जेतेपद मिळवलं होतं, म्हणजे दोन वेळा जिंकणारी ती पहिली स्पर्धक. आणि त्या दोन्ही सीझनमध्ये मिळून तिने जिंकलेल्या वैयक्तिक इम्युनिटी किती? एकही नाही.

घरी बसून बघितलं, आणि खेळ फिरला

अमेरिकन 'बिग ब्रदर'च्या 2002 च्या सीझनमध्ये डॅनियल रेयेस अप्रतिम खेळली. तोंडावर गोड आणि एकटी कॅमेऱ्यासमोर असताना बेधडक. पण तेव्हा बाहेर पडलेले स्पर्धक घरी जाऊन सगळे एपिसोड बघू शकत. आपल्याबद्दल ती काय बोलली, ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. लिसा डोनह्यू 9-1 ने जिंकली. पुढच्याच वर्षीपासून ज्युरीला टीव्हीपासून दूर, वेगळ्या घरात ठेवायचा नियम आला. एका स्पर्धकाच्या पराभवाने खेळाचा नियम बदलला, हा मान डॅनियलचाच.

निरोपाच्या व्हिडिओने घात केला

'बिग ब्रदर'मध्येच पॉल अब्राहमियन 2016 मध्ये अंतिम फेरीत 5-4 ने हरला. 2017 मध्ये परत आला, घर अक्षरशः त्याच्या तालावर नाचलं, आणि पुन्हा 5-4 ने हरला! दुसऱ्या वेळी समोर होता जॉश मार्टिनेझ. घराबाहेर पडणाऱ्याला सहस्पर्धकांचे निरोपाचे व्हिडिओ दाखवतात. जॉशने त्यातच खरं काय ते सांगून टाकलं, की तुला घालवण्यामागे पॉल आहे आणि मीही आहे. पॉल शेवटपर्यंत कानांवर हात ठेवून राहिला. दुखावलेल्या माणसाला आधी काय हवं असतं? खरं उत्तर. जॉशने ते वेळेत दिलं.

शून्य मतांची राणी

आता पुन्हा 'सर्व्हायव्हर', 2018 चा घोस्ट आयलंड सीझन. वेंडेल हॉलंड आणि डॉमेनिक अबाटे, दोघांना 5-5 मतं. अंतिम फेरीत ज्युरीची मतं अशी समसमान पडण्याची ही पहिलीच वेळ. तिसरी फायनलिस्ट लॉरेल जॉन्सनला एकही मत नव्हतं, पण नियमाप्रमाणे कोंडी फोडायची होती तिनेच. तिने वेंडेलचं नाव घेतलं. दहा लाख डॉलर कुणाच्या खिशात जाणार, ते शून्य मतं मिळालेल्या स्पर्धकाने ठरवलं!

फक्त 13 दिवस

2019 मध्ये क्रिस अंडरवुड तिसऱ्याच फेरीत बाहेर गेला. त्या सीझनमध्ये बाद झालेल्यांना वेगळ्या बेटावर राहून परतायची संधी होती. ती साधून तो अगदी शेवटी आत आला, हातातली इम्युनिटी दुसरीला दिली, तगड्या रिक डेव्हन्सला आग पेटवायच्या लढतीत हरवलं आणि 9-4 ने जिंकला. मूळ खेळात तो होता जेमतेम 13 दिवस. उरलेला काळ मात्र त्याने ज्युरीतल्या लोकांसोबत, त्यांच्याच हालअपेष्टांत काढला होता. हा निकाल अन्यायाचा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो पटतो, कारण नियम सगळ्यांना सारखेच होते.

एकमुखी कौल

2007 च्या फिजी सीझनमध्ये अर्ल कोलला 9 पैकी 9 मतं पडली. असा एकमुखी विजय 'सर्व्हायव्हर'मध्ये पहिलाच. 2009 मध्ये जे. टी. थॉमसने त्यावर कडी केली. पूर्ण सीझनमध्ये त्याच्याविरुद्ध एकही मत पडलं नाही आणि शेवटी ज्युरीची सातही मतं त्यालाच!

ज्युरीत सगळे चॅम्पियन

2020 च्या 'विनर्स ॲट वॉर'मध्ये वीसच्या वीस स्पर्धक जुने विजेते होते आणि बक्षीस होतं दुप्पट, वीस लाख डॉलर. म्हणजे ज्युरीतल्या 16 जणांपैकी प्रत्येकाला जिंकणं काय असतं, ते ठाऊक होतं. त्यांनी 12 मतं दिली टोनी व्हलाकोसला. खबर काढण्यासाठी झाडावर चढून बसणारा, पण माणसांना हसवत आपलंसं करणारा हा पोलीस अधिकारी. डावपेच आणि जिव्हाळा एकाच माणसात दिसले, तेव्हा चॅम्पियन लोकांनीही हात आखडता घेतला नाही.

या सगळ्या निकालांतून मला एकच कसोटी दिसते. या खेळात माणसांना बाहेर काढावंच लागतं. प्रश्न असतो तो, कसं काढलं याचा. बाहेर गेलेल्याला तुम्ही माणूस म्हणून वागवलंत का, आणि विचारलं तेव्हा खरं बोललात का? आवडता खेळाडू हरला की आपण ज्युरीला कडवट, खुनशी म्हणून मोकळे होतो. पण ज्युरीची मनं जिंकणं हा खेळाच्या बाहेरचा भाग नाही, तो पहिल्या दिवसापासूनचा सगळ्यात अवघड टास्क आहे. तो ज्याला जमला, तोच लायक विजेता.