रक्तद्रवातील ‘धूळ’ आणि तिच्यातील प्रथिने

रक्तातून तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, वेगळे काढले की पिवळसर रक्तद्रव उरतो. १९४६ साली एर्विन चारगाफ व रँडॉल्फ वेस्ट यांना असे आढळून आले की, हा द्रव अतिवेगाने फिरवून त्यातील सूक्ष्म गाळ काढून टाकल्यास त्यास गोठावयास अधिक वेळ लागतो. गोठण्याचे काही साधन त्या गाळात होते, हे उघड झाले. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी हे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना ‘बिंबाणूंची धूळ’ म्हटले. नाव चित्रदर्शी खरे; पण धूळ म्हणजे टाकाऊ, हा अर्थ त्यास दीर्घकाळ चिकटून राहिला.

आज या कणांस पेशीबाह्य पुटिका म्हणतात. पुटिका म्हणजे पेशीच्या आवरणाची इवलीशी बंद पिशवी. तांबडी पेशी सात ते आठ हजार नॅनोमीटर रुंद, तर यांतील बहुसंख्य पिशव्या दीडशे नॅनोमीटरहूनही लहान असतात. त्यांच्या आवरणावर व पोटात मूळ पेशीची प्रथिने असतात. १९८३ मध्ये माँट्रिअल येथे रोझ जॉन्स्टन यांनी मेंढीच्या, तर सेंट लुइस येथे फिलिप स्टाल यांच्या गटाने उंदराच्या अपक्व तांबड्या पेशींवर काम करून असे दाखविले की, पक्व होताना ही पेशी लोह आत घेणारे आपले ग्राही प्रथिन अशाच पिशव्यांतून बाहेर टाकते. येथेही प्रथम कचऱ्याचीच कल्पना मनात आली.

ती अपुरी आहे, हे एका दुर्मीळ रोगावरून कळते. १९७९ मध्ये वर्णिलेल्या स्कॉट संलक्षणात बिंबाणूंची संख्या पुरेशी असूनही रक्तस्राव होतो. उद्दीपित बिंबाणूच्या आवरणातील फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद बाहेरच्या अंगास यावयास हवा. तो येत नाही, आणि पुटिकाही फारशा सुटत नाहीत. यामागील टीएमईएम१६एफ या प्रथिनाचा दोष २०१० मध्ये उमगला. ‘धूळ’ उडाली नाही तर माणूस रक्तस्रावाने संकटात सापडतो!

मग या पुटिकांतील प्रथिने वाचून रोग ओळखता येईल काय? प्रथिनांचे तुकडे करून वस्तुमानमापक यंत्राने ती ओळखता येतात. खरी अडचण त्याआधीची आहे. रक्तद्रवातील प्रथिनांत निम्म्याहून अधिक भाग एकट्या अल्ब्युमिनचा. मेदवाहक कण तर पुटिकांएवढेच असून संख्येने कितीतरी अधिक. त्यामुळे यादीत सापडलेले प्रथिन पुटिकेचे स्वतःचे की बाहेरून चिकटलेले, हा वाद उरतोच. पोथ्यांतील प्रक्षेपांशी झगडणाऱ्या वाचकांस ही अडचण नवखी वाटू नये. कुळाच्या खुणाही फसव्या असतात. सीडी४१ हे प्रथिन दिसले की पुटिका बिंबाणूची, असे मानीत. परंतु निरोगी रक्तातील अशा पुष्कळ पुटिका अस्थिमज्जेतील, बिंबाणूंना जन्म देणाऱ्या महापेशींपासून थेट येतात, असे २००९ मध्ये दिसून आले.

विदर्भात आणि नंदुरबारकडे परिचित असलेल्या सिकल सेल रोगात हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा राहत नाही. हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. पेशी वारंवार विळ्यासारखी वाकते आणि तिच्यापासून पुटिका मोठ्या संख्येने सुटतात. त्यांतील हीम रक्तवाहिनीच्या अस्तरास इजा करते. वेदनेचा झटका येण्यापूर्वी या पुटिकांतील प्रथिनांत काही पूर्वसूचना मिळेल, अशी संशोधकांची आशा आहे. नित्याच्या रुग्णतपासणीत तिला अद्याप स्थान मिळालेले नाही. काढलेले रक्त नळीत पडून राहिले तरी बिंबाणू पुटिका सोडीतच राहतात. म्हणून ते लवकर, आणि शक्यतो दोनदा, यंत्रात फिरवून बिंबाणू काढून टाकावे लागतात. गोठू दिलेले रक्त तर या कामी निरुपयोगीच, कारण गोठतानाच नव्या पुटिकांची भर पडते. शहरातील प्रयोगशाळेत हे जमते. जेथे हे रुग्ण राहतात, त्या आडगावातून नमुना पोहोचेपर्यंत रोगाने सोडलेल्या पुटिका कोणत्या आणि नळीत जन्मलेल्या कोणत्या, हे सांगणे कठीण होऊन बसते.